इंदूरहून बालीला सर्फिंगसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की इंडोनेशियातल्या बाली या ज्वालामुखीच्या बेटावर सर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवरून सरकणं, शिकायला जाण्याबद्दलचे हे प्रश्न यायला लागतात. कुणी सुदामानगरातून विचारतं, कुणी रामबागेतून, तर कुणी मूळचं इंदूरचं पण आता नोकरीसाठी पुण्यात. प्रश्न मात्र तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी पहिल्यांदा जाणाऱ्यांचे आहेत, अडचणीचे पुढे येतात. एका ठिकाणी सांगितलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शुल्क आणि नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी इंडोनेशिया सरकारच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

१. ज्वालामुखीची बेटं बरीच आहेत. मग बालीच का?

शिकाऊ माणसाला झेपतील अशा लाटा, सोपा व्हिसा आणि आवाक्यातला खर्च या तिन्ही गोष्टी एकत्र तिथे मिळतात म्हणून. हवाईला अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि खर्च विचारू नका. रियुनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ साली सर्फिंगवर बंदी आली होती, नवशिक्याने तिकडे जाण्यात अर्थ नाही. मॉरिशस आपल्याला फार जवळचं वाटतं. व्हिसाची कटकट नाही, आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहिलेली मराठी मंडळीही आहेत. पण त्या बेटाला प्रवाळाच्या भिंतीचा वेढा आहे. लाट दूर त्या भिंतीवर फुटते आणि आतलं पाणी शांत असतं. डुंबायला छान, सर्फिंग शिकायला अडचणीचं.

आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे, पण तिथे उतरू देत नाहीत. तो बोटीतूनच बघायचा.

२. पोहता येत नाही. सर्फिंग शिकता येईल का?

कमरेएवढ्या पाण्यात, प्रशिक्षक शेजारी उभा असताना पहिला धडा होऊ शकतो, आणि बरीच शिकवणारी मंडळी तसं घेतातही. तरी माझं मत विचाराल तर आधी पोहायला शिका. दोन-तीन महिने हाताशी असतील तर शहरातल्या कुठल्याही तरणतलावात शिकून होतं. २०० मीटर न थांबता पोहता आलं, पाठीवर निवांत तरंगता आलं आणि तोंडावर पाणी आल्यावर जीव घाबरा झाला नाही, एवढं पुरे. बोर्ड लीश नावाच्या दोरीने पायाला बांधलेला असतो खरा, पण ती दोरी तुटू शकते. तिच्या भरवशावर खोल पाण्यात जायचं नाही.

घरी गच्चीवर चटई टाकून एक सराव करा. पालथं झोपायचं, तळवे बरगड्यांपाशी टेकायचे आणि एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहायचं. गुडघा टेकवून उठायची सवय लावून घेऊ नका, नंतर ती मोडायला फार त्रास होतो.

आधी भारतात चाखून बघायचं असेल तर कर्नाटकातलं मुल्की, चेन्नईजवळचं कोवलम किंवा केरळातलं वर्कला इथे शिकवणारे आहेत.

३. कधी जावं? मे महिन्याची सुट्टी, दिवाळी की नाताळ?

सगळ्या नियोजनाची किल्ली इथे आहे. हॉटेल आणि फोटोंच्या जागा नंतर बघा, आधी महिना आणि किनारा यांची जोडी जुळवा.

बालीत साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम आणि नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. कोरड्या हंगामात वारा आग्नेयेकडून येतो. तो पश्चिम किनाऱ्यावर जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाट स्वच्छ उभी राहते आणि नीट फुटते. तेव्हा कुटा, चांगू, उलुवाटू हा पट्टा धरायचा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येऊन याच किनाऱ्यावर थडकतो आणि लाटांचा चिवडा करतो. मग चांगलं पाणी पूर्वेला सापडतं: नुसा दुआ, सेरांगान, केरामास.

लाटा तयार होतात त्या मात्र बालीपासून हजारो किलोमीटर दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला घोंघावणाऱ्या वादळांत. तिकडचा हिवाळा म्हणजे आपला मे ते सप्टेंबर, आणि तेव्हा लाटा सर्वांत मोठ्या असतात.

आता सुट्ट्यांचं. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा: ऊन छान, वारा छान, लाट दांडगी. नवशिक्यांनी आतल्या फेसाळ पाण्यात राहावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरातली दिवाळी: माझी आवडती वेळ. गर्दी उतरलेली असते, लाटही जरा नरमलेली असते. नाताळ: सगळं महाग, रोज सर येण्याची शक्यता, आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्याबरोबर प्लास्टिकचा कचरा वाहून येतो. नाताळाशिवाय रजाच मिळत नसेल तर मुक्काम पूर्वेकडे टाका.

४. मी अगदी नवीन आहे. नेमका कुठला किनारा?

कुटा आणि त्याला लागूनच असलेलं लेगियान. तळाला वाळू, उतार सौम्य, पडलात तरी वाळूतच पडाल. बालीतल्या सर्फिंगची सुरुवातही याच किनाऱ्यावर झाली. १९३६ साली रॉबर्ट कोक नावाच्या अमेरिकन माणसाने इथे हॉटेल काढलं आणि पाहुण्यांना लाटांवर उभं राहायला शिकवलं. आजचं कुटा गजबजलेलं आहे आणि विक्रेते पिच्छा सोडत नाहीत, पण शिकण्यासाठी त्याला तोड नाही.

चांगूतला बातू बोलोंग किनारा ही पुढची पायरी. लाट संथ आणि लांब, लांब बोर्डवाल्यांची लाडकी. मात्र तळाला खडक आहे आणि पाण्यात माणसांची दाटी असते.

उलुवाटू, पादांग पादांग, केरामास ही नावं सगळीकडे वाचाल. तिथे कड्यावर बसून नारळपाणी प्या आणि लाटा बघा. प्रवाळावर फुटणारी ती लाट आहे, चुकलात तर खाली वाळू नाही.

५. इंदूरहून विमान कसं?

थेट विमान नाही. इंदूरहून बंगळूरु किंवा दिल्लीला जाऊन पुढे देनपसारचं (बालीचा विमानतळ तिथे आहे) विमान, किंवा मुंबई-चेन्नईहून सिंगापूर अथवा क्वालालंपूरमार्गे. बंगळूरुहून साडेसहा तासांच्या आसपास, दिल्लीहून त्याहून जास्त. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर उत्तम. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण इंदूरचं विमान उशिरा निघालं तर पुढच्या तिकिटाची जबाबदारी कुणी घेत नाही. हिवाळ्यात दिल्लीचं धुकं लक्षात ठेवा.

बालीचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे.

६. व्हिसा आणि कागदपत्रं?

भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळतो, आधी ऑनलाइनही काढता येतो. शुल्क ५ लाख रुपिया (इंडोनेशियाचं चलन), मुदत ३० दिवस, आणि ती एकदा आणखी ३० दिवस वाढवता येते. पासपोर्ट प्रवेशाच्या दिवसापासून किमान ६ महिने वैध हवा, परतीचं तिकीट हवं. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना १,५०,००० रुपियांचा स्थानिक कर आहे. तोही आधी ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. आगमनाचा ऑनलाइन अर्ज फुकट असतो. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर तुम्ही चुकीच्या दारात आहात.

७. रुपियाचे इतके शून्य! हिशेब कसा ठेवायचा? खर्च किती?

आपल्या एका रुपयाला साधारण १८० ते १९० रुपिया येतात. मनातल्या मनात शेवटचे तीन शून्य झाका आणि उरलेल्याला साडेपाचने गुणा, अंदाजे भारतीय रुपये मिळतील. म्हणजे ५ लाख रुपिया हे जेमतेम २,७०० रुपये.

दोन तासांचा गटातला धडा बहुतेक ठिकाणी साडेतीन ते पाच लाख रुपियांत बोर्डसकट होतो. कुटाच्या वाळूवर नुसता बोर्ड तासाच्या भाड्याने मिळतो, आणि तिथे घासाघीस करायला आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. एटीएममधून पैसे काढताना जपा. तिथली बरीच यंत्रं आधी नोटा देतात आणि कार्ड नंतर. नोटा मोजत माणूस निघून जातो, कार्ड आतच राहतं.

८. बोर्ड विकत घेऊन न्यावा का?

नको. पहिल्या सहलीला फोमचा आठ-नऊ फुटी बोर्ड लागतो आणि तो तिथे पावलोपावली मिळतो. बोर्ड जितका लांब-रुंद, तितका स्थिर. छोटा, टोकदार बोर्ड दिसायला देखणा असतो, पण नवशिक्या त्यावर दिवसभर नुसताच पडतो. इंदूरहून न्यायच्या वस्तू: लांब बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा), नाक-गालांना लावायची जाड झिंकची क्रीम, आणि घट्ट नाडीची चड्डी. नाडीबद्दल हसू नका.

९. पहिल्या धड्यात नक्की काय करतात?

अर्धा तास वाळूवर जातो. वाळूत बोर्डचा आकार आखून झोपणं, वल्हवणं, उठणं यांची उजळणी होते. कुठला पाय मागे राहणार हेही ठरतं, कारण लीश त्याच घोट्याला बांधायची असते. मग कमरेएवढ्या पाण्यात. लाट आधीच फुटून तिचा पांढरा फेस किनाऱ्याकडे धावत येत असतो. प्रशिक्षक बोर्डचं शेपूट धरून उभा असतो, योग्य क्षणी ढकलतो आणि ‘अप!’ असं ओरडतो. बहुतेकांचं त्या क्षणी एकच चुकतं: नजर खाली पायांकडे जाते. नजर गेली की डोकं जातं, डोकं गेलं की सगळंच पाण्यात. समोर किनाऱ्यावरचं एखादं झाड पकडा आणि त्याच्याकडेच बघत उठा.

पडताना सपाट आणि उथळ पडायचं, डोकं खाली घालून सूर मारायचा नाही. वर येताना एक हात डोक्यावर ठेवायचा, कारण बोर्ड कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. दोन तासांनी पाय ठीक असतात, खांदे मात्र कामातून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरताना कळेल.

१०. अंदाज बघतात म्हणे. त्यात काय बघायचं?

लाटेची उंची सगळेच बघतात. तिच्या शेजारी सेकंदांत दिलेला कालावधी जास्त बोलका असतो. एक मीटर उंची आणि ७ सेकंद म्हणजे वाऱ्याने उठवलेली फुटकळ लाट. तीच उंची आणि १५ सेकंद म्हणजे दुरून आलेली, पोटात ताकद असलेली लाट. अशा १५ सेकंदांच्या दिवशी नवशिक्याने उंचीचा आकडा लहान आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

मग भरती-ओहोटी. दिवसाकाठी साधारण दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. वाळूच्या किनाऱ्यावर मधली भरती बहुधा सुखाची. प्रवाळाच्या जागी ओहोटीला पाणी गुडघ्यापर्यंत येतं, तिथे नवशिक्याचं काम नाही. आणि वारा सकाळी पडलेला असतो, दुपारी उठतो. म्हणून धडा सकाळचा घ्या, मग भले पोहे-जिलेबी सुटली तरी चालेल.

११. समुद्र आत ओढून नेतो, ते काय असतं?

रिप करंट. लाटांबरोबर किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात निघतं. वरून बघितलं तर दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतो. फसवं हेच, कारण नेमक्या त्या शांत पाण्यात लोक डुंबायला उतरतात. अडकलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. बोर्ड असेल तर त्याला धरून राहा, हात वर करून हलवा, आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर या. लाल-पिवळ्या झेंड्यांमध्ये पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तिथे उतरायचं नाही. कुटाच्या किनाऱ्यावर बालाविस्ता या जीवरक्षक दलाची माणसं असतात, त्यांची शिट्टी वाजली की वाद घालू नका.

१२. मला चष्मा आहे. काय करू?

दीड-दोन नंबरापर्यंत बिनचष्म्याचं निभावतं. प्रशिक्षकाच्या रॅशगार्डचा भडक रंग लक्षात ठेवा, म्हणजे पुरे. त्याहून जास्त नंबर असेल तर काही जण रोज फेकायच्या लेन्स वापरतात. समुद्राच्या पाण्यात लेन्स घालणं नेत्रतज्ज्ञांना पसंत नसतं, हे जाणून ठरवा. घातल्याच तर पडताना डोळे घट्ट मिटा आणि पाण्याबाहेर आल्याबरोबर त्या काढून टाका. चष्मा दोरीने बांधून उतरण्याचा विचार सोडा.

१३. वाळू काही ठिकाणी काळी, काही ठिकाणी पांढरी. का?

काळी वाळू ज्वालामुखीच्या खडकाची. केरामासला आणि चांगूला ती दिसते, आणि दुपारी बाराला अनवाणी चाललात तर तळपाय भाजतात. पांढरी वाळू प्रवाळाच्या भुग्याची. गंमत म्हणजे ज्वालामुखीच्या बेटावरची सर्वांत नावाजलेली लाट, उलुवाटू, ज्वालामुखीच्या खडकावर नाहीच. दक्षिणेकडचं बुकित द्वीपकल्प समुद्रातून वर आलेल्या चुनखडीचं आहे. उलट इंदूरकर स्वतः लाव्हावर राहतात. माळव्याचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हाचं, आणि आपल्या शेतांतली काळी माती त्याच दगडाची.

१४. ज्वालामुखी फुटला तर?

बालीत आगुंग आणि बातुर हे दोन जागते ज्वालामुखी आहेत. १९६३ सालच्या आगुंगच्या उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. मात्र सर्फिंगचे किनारे दक्षिणेला, त्याच्यापासून बरेच दूर आहेत. पर्यटकाला खरा फटका बसतो तो राखेचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंगमुळे विमानतळ काही दिवस बंद राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी लाकी-लाकीच्या राखेने बालीची विमानं रद्द झाली. म्हणजे बालीचे दोन्ही डोंगर शांत असले तरी गाडी अडू शकते.

राख जेट इंजिनात वितळते आणि आतल्या पात्यांवर काचेसारखी बसते. २४ जून १९८२ ला जावाजवळ गालुंगुंगच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. राखेबाहेर आल्यावर ती पुन्हा चालू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. तेव्हापासून विमान कंपन्या राखेशी खेळत नाहीत.

इंडोनेशियात धोक्याच्या चार पातळ्या आहेत, चौथी सर्वांत वरची. निघण्याआधी आठवडाभर ती बघत राहा. परतीनंतर लगेच ऑफिस किंवा लग्नकार्य ठेवू नका, एक-दोन दिवसांची सवड ठेवा. आणि किनाऱ्यावर असताना जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, तर त्सुनामीच्या भोंग्याची वाट न बघता उंचावर चला.

१५. प्रवास विमा आहेच. पुरेल ना?

पॉलिसीतले वगळलेले खेळ वाचा. बऱ्याच पॉलिसींत सर्फिंग साहसी खेळांत जातं आणि वेगळी रक्कम भरल्याशिवाय धरत नाहीत. राखेमुळे रद्द झालेलं विमानही प्रत्येक पॉलिसीत नसतं. शिवाय उद्रेकाची बातमी आल्यानंतर घेतलेला विमा त्या उद्रेकाला लागू होत नाही, म्हणून तिकिटाबरोबरच घ्या. दुचाकीचा मुद्दा प्रश्न १८ मध्ये.

१६. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), तोफू, शेंगदाण्याच्या चटणीतलं गादो-गादो, भाजी घातलेला नासी गोरेंग (परतलेला भात) हे सगळीकडे मिळतं. शेंगदाण्यावर वाढलेल्या माळव्यातल्या माणसाला गादो-गादो आवडेलच. पण ‘भाजी’ म्हणून दिलेल्या पदार्थातही तेरासी, म्हणजे कोळंबीचा मसाला असू शकतो, म्हणून ‘तान्पा तेरासी’ (तेरासी नको) असं सांगायला विसरू नका. बालीतले लोक बहुसंख्य हिंदू आहेत म्हणून जेवण शाकाहारी असेल हा समज काढून टाका, डुकराचं मांस तिथे सणासुदीचं जेवण आहे. कुटा-सेमिन्याकला भारतीय हॉटेलं आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. शेवेची दोन पाकिटं न्यायला कुणी सांगायची गरज नसावी.

दारूबाबत एकच: स्वस्तातली सुटी आराक (तिथली स्थानिक दारू) पिऊ नका. तिच्यात मिथेनॉल सापडून लोक दगावले आहेत.

१७. आई-बाबा आणि पाच वर्षांची मुलगी बरोबर आहे. ते काय करतील?

मुक्काम सानूरला करा. प्रवाळाच्या भिंतीमुळे आतलं पाणी शांत, किनाऱ्याला लागून चालायची सपाट वाट, आणि पूर्वेकडे तोंड असल्याने सूर्योदय समोर. तुम्ही पहाटे कुटाला जाऊन जेवायच्या वेळेला परत येऊ शकता. मुलीला आतल्या पाण्यात पोटावर झोपून फेसावर सरकू द्या, उभं राहायची घाई नको. उलुवाटूच्या देवळाला पायऱ्या आहेत आणि माकडं आजोबांचा चष्मा पळवतात, तो आधी खिशात घाला.

१८. स्कूटर भाड्याने घेऊ का?

बोर्ड अडकवायची लोखंडी चौकट लावलेल्या स्कूटर तिथे सर्रास दिसतात, म्हणून मोह होतो. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा. इंदूरच्या आरटीओतून तो मिळतो, पण तुमच्या मूळ परवान्यावर दुचाकी असेल तरच. परवान्याशिवाय अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. घरात दोघांपैकी एकालाच सवय असेल तर गाडी-ड्रायव्हर दिवसभरासाठी ठरवा, चौघांत वाटून फार पडत नाही.

१९. गुढीपाडव्याला जोडून जाऊ का?

थांबा. बालीतही शक संवत चालतो आणि नववर्षाचा दिवस तिथे न्येपी म्हणून पाळतात. २०२६ मध्ये पाडवा आणि न्येपी दोन्ही १९ मार्चलाच, दोन्हीकडे शके १९४८. आपण गुढी उभारून श्रीखंड खातो, ते २४ तास पूर्ण मौन पाळतात. विमानतळ बंद, रस्ते बंद, किनारा बंद, रात्री दिवेही मंद. पर्यटकांनीही हॉटेलाच्या आवारातच राहायचं. आदल्या संध्याकाळच्या राक्षसांच्या मिरवणुका बघण्यासारख्या असतात, तेव्हा जायचंच तर ठरवून जा. काही वर्षी दोन्ही तारखांत फरक पडतो, अधिक मासाच्या फेऱ्यात बराच, म्हणून न्येपीची तारीख वेगळी तपासा.

२०. पाळीच्या दिवसांत सर्फिंग आणि देवळं?

सर्फिंगला काहीच अडचण नाही, टॅम्पॉन किंवा कप वापरतात. देवळांत मात्र पाळी असताना प्रवेश नसल्याची पाटी सर्रास असते. पटो न पटो, पाहुण्यांकडूनही ते पाळण्याची अपेक्षा असते.

२१. प्रवाळाने कापलं किंवा कुत्रं चावलं तर?

प्रवाळाचा ओरखडा लहान दिसला तरी चिघळतो. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, आतले कण काढा, जंतुनाशक लावा, आणि भरेपर्यंत पाण्यात जाऊ नका. कुत्रा किंवा माकड चावलं तर हयगय नको. बालीत २००८ पासून रेबीज आहे. १५ मिनिटं साबणाने धुऊन त्याच दिवशी लस घ्यायला दवाखाना गाठा.

२२. हॉटेल कुटाचं बुक केलं, पण नकाशात ते दुसऱ्याच बेटावर दिसतंय!

तुम्ही लोंबोकच्या कुटाचं बुक केलंय. रिंजानी ज्वालामुखीच्या त्या बेटावरही कुटा आहे, आणि त्याच्या जवळच सेलोंग बेलानाकचा सौम्य, नवशिक्यांचा किनारा. खरं तर तेही वाईट नाही, गर्दी कमी. पण विमान बालीचं असेल तर पुढे आणखी एक विमान किंवा बोट लागेल. रद्द करायचं की ठेवायचं ते त्या हिशेबाने ठरवा.

२३. शेवटच्या सकाळी सर्फिंग करून दुपारचं विमान पकडता येईल?

मुक्काम कुटाला असेल तर येईल, विमानतळ शेजारीच आहे. चांगूहून नको, रस्ता तुंबतो. स्कूबा केलेल्यांना विमानाआधी १८ ते २४ तास थांबावं लागतं, सर्फिंगला ती अट नाही. ओला रॅशगार्ड वेगळ्या पिशवीत बांधा आणि खिशात रुमाल ठेवा. दिवसभर नाकात गेलेलं समुद्राचं पाणी काही तासांनी अचानक बाहेर येतं, आणि ते नेमकं इमिग्रेशनच्या रांगेत बॅग उचलायला वाकताना येतं.